एंटरचं बटण

"गौते, येकदा बघ ना. साइट उघडली की लाल अक्षरात येतंय, हितं तुमची माहिती चोरीला जाईल म्हणून. एक बुकिंग यीना झालंय!"

चुलतभाऊ इंद्रजित लॅपटॉप घेऊन दारात उभा. शुक्रवार होता, उद्यापासून सोमवारपर्यंत सलग सुट्ट्या, आणि रिहे गावातलं त्याचं फार्महाउस रिकामं.

गौतमीला मनातून उकळ्या फुटत होत्या. साइट तिनंच बनवली होती, फुकटातल्या सर्व्हरवर. पासवर्ड तिच्याचकडं. साइट सुरक्षित आहे असं सांगणारं सर्टिफिकेटही फुकट मिळतं, पण दर तीन महिन्यांनी नवं घ्यावं लागतं. ते आपोआप नवं होई. फार्महाउसच्या पूजेत ह्या शहाण्यानं तिच्या आईला चारचौघांत सुनावलं, "काकी, तुमी विधवा बाईमाणूस, जरा मागं सरा." त्याच दिवशी गौतमीनं ते आपोआप नवं होणं बंद करून टाकलं, आणि वाट बघत बसली.

तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. भराभरा काहीतरी टाईप केलं आणि हात काढून घेतले.

"झालं?"

"फक्त एंटर दाबायचं ऱ्हायलंय. ते आईच्या हातनं. पासवर्ड माझ्याकडं हाय, इसरू नगंस. अन् तू इचारायचं तिला, दादा. वाकून."

इंद्रजितचं तोंड एरंडेल प्याल्यागत झालं. पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हेच खरं. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या साळूबाईपुढं तो वाकला.

"काकी, चुकलं माझं. तुमच्या हातानं होऊ द्या."

आता आई विरघळणार, गौतमीनं कपाळावर आठ्या घातल्या. जन्मभर दुसरं केलंय काय तिनं!

साळूबाईनं हात धुतले, पदराला पुसले. लॅपटॉपपाशी येऊन बसली. बोट उचललं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"आज आवस हाय रं."

"चालतंय ओ काकी!"

"न्हाई चालत. येवढा धंद्याचा कारभार, अन् अवसंला सुरू करतू व्हय?"

"मग उद्या पहाटं येतो!"

"उद्या शनवार. शनवारी कोण नवं काम धरतंय?"

"काकी, अवो सुट्ट्या संपत्याल!" त्याला घाम फुटला.

साळूबाई उठून चुलीकडं गेली. तव्यावरची भाकरी उलटली.

"मंगळवारी ये. येताना नारळ आण."