बटण

गोठलेल्या तळ्यावर सरावासाठी मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून जाताना गाडीने तिसरी गिरकी घेतली आणि बर्फाच्या ढिगात शेपूट खुपसून थांबली. स्टीअरिंगला लटकलेल्या ओइवाने शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंगच्या शिक्षिकेकडे रागाने पाहिलं.

"बघितलंस, पोरी? तुमचं यंत्र गाडी भिरकावतं आणि नाव म्हाताऱ्याचं!"

"आत्ता ते बंद होतं, आजोबा," हेन्ना म्हणाली. "मघाशी चालू होतं. तेव्हा एकही शंकू पडला नाही."

मागच्या सीटवर ओइवाची बायको लेम्पी उगाचच खोकली.

चाकं घसरू लागली की गाडीतली ही यंत्रणा आपणहून नेमक्या चाकाला ब्रेक लावायची, इंजिनचा जोर कमी करायची. समोर पिवळा दिवा लुकलुकायचा. ओइवाला तो दिवा म्हणजे तोंडावर केलेला अपमान वाटे. गाडी सुरू केली की आधी बटण दाबून तो यंत्रणा बंद करून टाकायचा. उत्तरेकडच्या केमियार्वी गावातले पंचेचाळीस हिवाळे त्याने असल्या बटणाशिवाय काढले होते. गाडी एकदाही रस्ता सोडून गेली नव्हती. या डिसेंबरात मात्र नातींना शाळेतून आणताना ती थेट शेजाऱ्याच्या कुंपणात घुसली. कोणाला खरचटलंही नाही, पण लेकीने बजावलं, गाडी नीट चालवता येते अशी तळ्यावरच्या शिक्षिकेची चिठ्ठी आणल्याशिवाय मुली पुन्हा गाडीत बसणार नाहीत.

"आणखी एकदा. बंदच ठेव," ओइवा हट्टाने म्हणाला.

या खेपेला पाच शंकू आडवे झाले. एक तर चाकाखाली अडकून पार पलीकडे गेला.

"ऊठ," लेम्पी म्हणाली. "मला बसू दे."

"तुला? तुझं लायसन्स कपाटात पडून पिवळं झालंय!"

हेन्ना शंकू पुन्हा उभे करून आली. लेम्पीने सीट पुढे ओढली, हातमोजे काढले. यंत्रणा बंदच होती. पहिल्या वळणावर गाडीचा मागचा भाग घसरला. तिने ब्रेकला पाय म्हणून लावला नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला, जायचं होतं तिकडे नजर ठेवली आणि स्टीअरिंग जरासं फिरवलं. गाडी मुकाट्याने सरळ झाली. एकामागून एक वळणं गेली, पण सगळे शंकू जागच्या जागी उभे राहिले. ओइवा मागे बसून कधी खिडकीबाहेर, कधी बायकोच्या मानेकडे पाहत होता.

गाडी थांबवून लेम्पीने बटण दाबलं. यंत्रणा चालू झाली.

"आहे तर वापरावी. जिवाला तेवढाच आराम."

"चिठ्ठी देते, आजी. पण तुमच्या नावाने," हेन्ना हसून म्हणाली. "आणि यंत्र बंद असताना गाडी अशी आवरायला शिकलात कुठे?"

"दर शनिवारी, नाचघरातून परतताना. हे महाशय पिऊन मागे घोरत पडलेले असायचे आणि सकाळी उठून मलाच सांगायचे, 'काय घसरण होती गं काल! पण आणली की नाही मी गाडी घरी?'"