शंभरची लेन्स

"ही लेन्स वापरलेली आहे," डॉक्टर म्हणाले. "नवी म्हणून माझ्या गळ्यात मारताय तुम्ही."

दुकानदाराने रिकामं खोकं त्यांच्यापुढे सरकवलं. त्याचं सील डॉक्टरांनीच पाच मिनिटांपूर्वी, त्याच्यासमोर फोडलं होतं. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण त्याच्या ओठांपर्यंत आलेली डॉक्टरांच्या बायकोला स्पष्ट दिसली. पण गिऱ्हाइकाला म्हणी ऐकवून कुणाचं दुकान चाललंय?

डॉक्टरांना फुलांचे आणि किड्यांचे जवळून फोटो काढायचा नाद. साठ मिलिमीटरची लेन्स त्यांनी आल्या आल्याच नाकारली होती. तिच्यासाठी किड्याच्या पार मिशांशी जावं लागतं, आणि किडा काही फोटोसाठी जन्माला आलेला नसतो. तो उडतो. म्हणून लांबून चालणारी शंभरची. दुकानाच्या पायरीवरच्या कुंडीत एक गुलाब होता आणि त्याच्या पाकळीवर एक मुंगळा ठाण मांडून बसला होता. वारा नावालाही नव्हता. डॉक्टरांनी अकरा फोटो काढले, आणि अकराच्या अकरा फोटोंत मुंगळ्याला दोन डोकी.

"सर, तिपाई लावून बघता का?"

"तिपाई मांडेपर्यंत किडा थांबतो होय? माल खराब आहे म्हणून सांगा की सरळ."

बायको भूलतज्ज्ञ. डॉक्टर कानाची ऑपरेशनं करत, तेव्हा ती पेशंटशेजारी बसून समोरच्या पडद्यावर सगळं बघत असे. गेले दोन महिने तिला एक संशय पोखरत होता. उद्या सकाळी साडेआठला एका तरुण मुलीचं ऑपरेशन होतं. कानात तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, आणि त्याच्या अगदी जवळून चेहरा हलवणारी नस जाते. तिथे केसभर चुकलं, तर ती पोरगी जन्मभर अर्ध्याच तोंडाने हसेल. हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. डॉक्टरांनाही नको होतं, आणि तरी ते लेन्सशी भांडत होते.

दुकानदाराने कपाटातून दुसरी लेन्स काढली. "ही घेऊन बघा. हिच्यात सोय आहे. हात जरा हलला तरी लेन्स सांभाळून घेते."

"माझा हात?" डॉक्टर हसले. "अहो, या हातावर माझं पोट आहे."

तरी त्यांनी ती कॅमेऱ्याला लावली आणि पायरीवर वाकले. यावेळी मुंगळा लख्ख आला. एकच डोकं, त्यावर दोन मिशा, मिशांवरची लवसुद्धा.

"बघितलंस?" त्यांनी कॅमेरा बायकोच्या डोळ्यांपुढे धरला. आवाजात लहान मुलाचा आनंद होता. "मी म्हणत नव्हतो? पहिल्या लेन्समध्येच दोष होता. आपण बोललो नसतो तर याने खपवलीच होती."

"द्या इकडे," बायको म्हणाली.

तिने ती लेन्स काढली आणि पहिली, भांडणातली, परत लावली. आयुष्यात तिने घरच्यांचे वाढदिवस सोडून कशाचे फोटो काढले नव्हते. फोटो नीट येऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं. तिने श्वास रोखला आणि बटण दाबलं. मग आणखी एकदा, आणि आणखी एकदा.

तिन्ही फोटोंत मुंगळ्याला एकच डोकं होतं.

दुकानदाराने एकदा फोटोकडे आणि एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. मग फडकं घेऊन तो स्वच्छच असलेली काच पुसायला लागला.

"लागला असेल तुझा नेम," डॉक्टर म्हणाले. "ते जाऊ दे. दुसरीच पॅक करा हो. प्रश्न मिटला."

बायकोने पर्समधून फोन काढला. "सिस्टर, उद्याची साडेआठची केस रद्द करा. नाही, पेशंट ठीक आहे. सर करणार नाहीत."

"कुणाला विचारून?" डॉक्टर ओरडले. रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. "ठेव तो फोन! एका फोटोवरून तू माझ्यावर..."

"एका फोटोवरून नाही हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच राहिला. "सिस्टर कारण विचारतायत. मी सांगू, का तुम्ही सांगताय?"

तिने फोन पुढे केला. पलीकडून सिस्टर "हॅलो, हॅलो" करत होती.

डॉक्टरांनी तो घेतला. दोन्ही हातांनी.