माउस कसाही फिरवा

"डोळे मिचकावा, वहिनी," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "हा फोटो नाही, जिवंत बाई आहे, हे त्याला पटलं पाहिजे."

तिने पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या बारक्या काचेकडे बघून डोळे मिचकावले. कॉम्प्युटरला पटलं.

"चला, एकाला तरी पटलं," ती म्हणाली.

मागच्या खुर्चीत तिचा नवरा फोनवर बोलत होता. त्याने ऐकलं नाही.

दुपार होती. कारखान्याच्या कचेरीत पंखा एका लयीत घरघरत होता. कागदोपत्री अर्धा कारखाना तिचा. तिची सही याच कॉम्प्युटरमध्ये राहायची आणि सहीचा पासवर्ड नवऱ्याला तोंडपाठ. आजवर त्या सहीनं काय काय झालं ते तिला विचारू नका. सही तिची, बोटं दुसऱ्याची. पण सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि नवं काढायचं तर माणूस समोर हवा असा नियम निघाला. म्हणून तिला घरून उचलून आणली होती, ओले कपडे बादलीत तसेच ठेवून.

हा सगळा खटाटोप एका कागदासाठी. तो पडद्याच्या कोपऱ्यात तयार होता. ती तिचा अर्धा वाटा राजीखुशीने धाकट्या दिराच्या नावावर करत होती. 'राजीखुशीने' हा शब्द नवऱ्याने टाइप केला होता.

"एवढी सही झाली की तू मोकळी," फोनवर हात ठेवून तो म्हणाला.

कॉम्प्युटरवाला एकेक चौकट वाचून दाखवत होता. "पासवर्ड कितीदा टाकू द्यायचा, साहेब? तेवढ्यांदा चुकला की जिच्यावर सही चालते ती किल्ली आपोआप पुसली जाईल."

"कमीत कमी ठेव."

"तीनदा?"

"ठेव."

"आणि विसरला तर परत मिळवायची सोय?"

"अजिबात ठेवू नकोस. चोर तसल्या सोयींतूनच घुसतात." असं म्हणून तो फोन कानाला लावून बाहेर गेला.

"आता किल्ली बनवायची," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "माउस हातात घ्या आणि फिरवा."

"कुठे?"

"कुठेही. कसाही. नेम धरायचा नाही. तुम्ही जितका वेडावाकडा फिरवाल, तितकी किल्ली पक्की. दुसऱ्या कुणाला तशी घडवताच येणार नाही."

तिचा हात थबकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कसाही फिरवा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

पडदा निळा होता. बाण आधी भीत भीत काठाकाठाने गेला. मग आत शिरला. पंख्याची घरघर लांब गेली. निळं हलायला लागलं. ते गार होतं. मनगटाला लागलं, मग कोपराला, मग गळ्यापर्यंत आलं. ती तळ्याच्या मधोमध पाठीवर पडली होती, बारा-तेरा वर्षांची, वेण्या सुटलेल्या, कानात नुसतं पाणी आणि डोळ्यांवर आभाळ. तिने बुडी मारली आणि भलतीकडेच वर निघाली. काठावर धाकटी बहीण तिचे कपडे छातीशी धरून बोंबलत होती, "ए पाणकोंबडे! ये की बाहेर! आई झोडपून काढेल!" पाणकोंबडी हसली, पालथी झाली आणि पुन्हा आत गेली.

"बास, वहिनी. झाली किल्ली."

तिने हात उचलून बघितला. तो कोरडा होता. तिला जरा नवल वाटलं.

"आता पासवर्ड. तो तुम्हीच टाका." एवढं बोलून कॉम्प्युटरवाला खुर्चीसकट वळला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"हे काय हो?"

"रीत आहे आमची. गिऱ्हाईक पासवर्ड टाकतं तेव्हा बघायचं नाही."

तिच्या घरात ती अंघोळीला गेली तरी दार वाजवायचे. तिने त्या वळलेल्या पाठीकडे घटकाभर बघितलं. मग एकेक अक्षर शोधत बहिणीची हाक टाकली. पडद्यावर तिचे काळे ठिपके झाले.

नवरा आत आला. "झालं? सरक." तो तिच्या खुर्चीत बसला, कागद उघडला, 'सही करा' दाबलं. चौकट आली. "काय ठेवलायस पासवर्ड?"

"ओळखा."

"त्यात काय ओळखायचं? बायकांचं ठरलेलं. पोरगं, नाहीतर नवरा." त्याने मुलाचं नाव टाकलं. चूक. मग जरा ऐटीत स्वतःचं टाकलं. चूक.

त्याचं हसू उतरलं. "ए, तू बघितलंस ना रे?"

"मी भिंत बघत होतो, साहेब."

"मग ते परत मिळवायचं काहीतरी असेल की."

"तुम्हीच नको म्हणालात."

"आणि अजून एकदा चुकला तर?"

"किल्ली गेली. मग वहिनींना पुन्हा यावं लागेल डोळे मिचकावायला." तो पुन्हा भिंतीकडे वळला. "आल्या तर."

नवरा खुर्चीसकट तिच्याकडे वळला. "सांग. मुकाट्यानं सांग."

ती अजून थोडी पाण्यातच होती. आवाज तिच्यापर्यंत वरून, सावकाश येत होता.

"एक खेप उरलीय ना?" ती म्हणाली. "मग या खेपेला माझं काहीतरी टाका की. माझ्या एकटीचं."

तो पडद्याकडे वळला. त्याची दहाही बोटं कीबोर्डवर तरंगत राहिली. रिकाम्या चौकटीत उभी रेघ डोळे मिचकावत होती.