छोटे का, बडे का

फळ्यासमोर चार माणसं येऊन थांबली तेव्हा इंदुमतीला वाटलं, गिऱ्हाईकं आली. गुडगावच्या नव्या सेक्टरमध्ये तिने गाळा टाकून अजून महिनाही झाला नव्हता. कोकराच्या खिम्याचा बर्गर ही तिथे नवलाई होती. लोक चालत येऊन खात.

पण कोणी काही मागितलं नाही. पुढच्याने फळ्यावर बोट ठेवलं.

"ये किसने लिखा?"

"मैंने," ती म्हणाली.

सकाळीच लिहिलं होतं. छोटे का बर्गर, बडे का बर्गर. पोरांसाठी लहान, थोरांसाठी मोठा. शेजारचे स्टेशनरीवाले भाटिया पुढे झाले आणि खालच्या आवाजात तिला म्हणाले, की इकडे छोटे का म्हणजे बकऱ्या-मेंढ्यांचं मांस, आणि बडे का म्हणजे गाई-म्हशीचं. एवढं सांगून ते आपल्या दुकानात गेले आणि त्यांनी शटर ओढून घेतलं.

इंदुमतीने त्या चौघांना साइजचं सांगून पाहिलं. आपण साताऱ्याकडच्या, हिंदी चुकतं, म्हणाली. ओल्या फडक्याने फळा पुसला. तोवर एकाने फ्रीज उघडून खिम्याचा डबा काढला होता आणि तो हुंगत होता. गाळ्यापुढे माणसं जमायला लागली.

"गोश्त किससे लेती हो?"

युनूसभाईंचं नाव तिच्या ओठांवर आलं. सेक्टरमागच्या जुन्या गावात त्यांचं मटणाचं दुकान होतं. तिच्यासाठी ते खिमा दोनदा मशीनमधून काढत. नाव सांगितलं असतं तर ती सुटली असती. पण ही माणसं पाच मिनिटांत तिकडे पोचली असती.

"छावनी से," ती म्हणाली. "मेरे पति सूबेदार हैं. राशन का है."

राशनचं मटण बाहेर विकलं तर नवऱ्याची, हणमंतरावांची, नोकरी जाईल, हे तिला बोलताना ठाऊक होतं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. डबा परत फ्रीजमध्ये गेला. पुढचा माणूस बाकावर बसला, तिला भाभीजी म्हणाला आणि एक बर्गर द्यायला सांगितलं. तिने तव्यावर टिक्की टाकली तेव्हा तेल बाहेर उडालं.

त्याने सावकाश खाल्लं. शेवटचा घास संपवून बोटं पुसली.

"फौज का माल ही और होता है," तो म्हणाला.