खाली नाव कुणाचं

पडदा बाजूला झाला. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं चकाकत होती: ‘आपल्या लेकराला जे काम सांगवत नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला सांगू नये.’ खाली नाव होतं, अब्राहम लिंकन.

लिंकन असं कधी म्हणाले नव्हते. अख्ख्या मांडवात हे एकट्या दीप्तीला माहीत होतं, कारण ते नाव तिनंच लावलं होतं.

मुरगूडजवळच्या या शाळेत ती इतिहास शिकवायची. फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं कामही तिच्याच गळ्यात. जुलैत तिनं लिंकनचा आठवडा लावला. ‘मला गुलाम व्हायचं नाही, म्हणून मला मालकही व्हायचं नाही,’ हे सोमवारचं. ते त्यांचंच होतं. शुक्रवारपर्यंत पाच वाक्यं संपली. शनिवारी सकाळची शाळा, एसटी चुकलेली, घंटेला दोन मिनिटं बाकी. आईच्या तोंडी नेहमी असायचं ते वाक्य तिनं घाईघाईनं लिहून टाकलं. खाली आईचं नाव घालायला मात्र हात धजावला नाही. बौद्धवाड्यातल्या शेतमजूर बाईचा सुविचार! पोरं हसली असती, मास्तर त्याहून जास्त. लिंकन खपून गेले.

इतके खपले, की संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह फोटो काढून घेऊन गेले आणि नव्या इमारतीच्या दारात त्यांनी दगडच बसवला. दीप्ती तीनदा त्यांना खरं सांगायला गेली. तिन्ही वेळा टेबलावर तिला कायम करायचा कागद सहीसाठी पडलेला दिसला. तिन्ही वेळा ती तशीच परत आली. नऊ वर्षं हंगामी राहिलेल्या माणसाची तत्त्वंही जरा दमानं घेतात.

आज तर वाक्य शोधल्याबद्दल तिचा सत्कारच होता. तिची आई तानाबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून शेजारी बसली होती. दीप्तीला बसवत नव्हतं. ती पदराचं टोक पिळत होती, घड्याळ बघत होती, पुन्हा त्या दगडाकडं बघत होती.

अमरसिंहांनी माइकवर खड्या आवाजात वाक्य वाचलं. टाळ्या अशा पडल्या, की पुढचं नाव त्यात बुडूनच गेलं.

तानाबाईनं लेकीचा हात गच्च धरला. “दीप्ते, हे माझं बोलनं हाय की गं!”

“आई, हळू बोल.”

तानाबाईनं अमरसिंहांकडं बोट केलं. “तू तिसरीत हुतीस. मी तापानं पडल्याली. ह्येंच्या आईसाब म्हनल्या, पोरगीला धाड श्यान काढाय. तशीच उठून गेले आन् ह्येंच्याच गोठ्यात हुबं ऱ्हाऊन त्येस्नी आसं म्हनले. त्याच दिशी मला कामावरनं काढलं. ह्यो तवा जवान हुता. दारात हुबा ऱ्हाऊन समदं ऐकत हुता.”

हे आईनं दीप्तीला कधी सांगितलंच नव्हतं.

तानाबाईनं डोळे पुसले. “मानूस बदलतंय बघ. इतकी वर्सं ध्येनात ठिवलं, दगडावर कोरलं. खाली माझंच नाव हाय न्हवं?”

तिला वाचता येत नव्हतं. ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

तेवढ्यात सत्काराचा पुकारा झाला. दीप्ती स्टेजवर गेली. अमरसिंहांनी हसत शाल उलगडली. तिनं खांदा मागं घेतला आणि माइक ओढला. आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

“साहेब, खाली नाव चुकलंय. चूक माझी आहे. पण हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत, ते तुमच्याच गोठ्यात.”