दिवेलागणीच्या आत

"बंगळूर नको," आप्पासाहेब म्हणाले. "आठशे किलोमीटर हाय. आमच्यात लेक अशा गावाला देतात, की सकाळी निघून माहेरी यावं, जेवावं आणि दिवेलागणीच्या आत सासरी पोचावं."

मध्यस्थ रंगराव दोन स्थळं घेऊन वाघोलीला आले होते. एक पुण्यातल्याच बाणेरचं, घरच्या पेट्रोलपंपाचं. दुसरा मुलगा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. रंगरावांचा कल पेट्रोलपंपाकडे होता आणि आप्पासाहेबांचा रंगरावांकडे. लग्न राजनंदिनीचं होतं. तिचा कल कुणी विचारेना, म्हणून ती स्वतःच बैठकीत येऊन बसली. खराडीच्या कंपनीत टीम लीड असल्यामुळे मीटिंग चालवायची तिला सवय होती.

"आप्पा, विमानानं दीड तास लागतो."

"आणि विमानतळावर जायला?"

"लोहगाव आपल्या मागंच आहे. तेच सांगून तुम्ही बिल्डरकडून रेट वाढवून घेतलात."

मग तिनं रंगरावांकडे मोर्चा वळवला.

"काका, तुम्ही आज बाणेरहूनच आलात ना? निघालात कधी?"

"न्याहारी करून निघालो की. येरवड्याला जरा अडकलो."

आत ताटं मांडायची वेळ झाली होती.

"म्हंजे बंगळूरच जवळ म्हणायचं," म्हणत आप्पासाहेब हसले. हिशेब आपल्या विरुद्ध गेला तरी चोख असला, की त्यांना आवडायचा.

स्वयंपाकघराच्या दारातून मथुराबाई म्हणाल्या, "अहो, येरवडा किती लांब हाय?"

"अर्धा तास. का गं?"

"माझं माहेर हाय तिथं. मी शेवटची कधी गेले?"

"ते... तुझ्या भावाच्या वास्तुशांतीला न्हाई का?"

त्या भावाचं घर आता दुसऱ्यांदा रंगवायला झालं होतं. मथुराबाई रंगरावांना म्हणाल्या, "भावजी, त्या बंगळूरच्या पोराला फोन लावा. मोठ्यानं ऐकू येतं तसा."

फोन लागला.

"मी राजनंदिनीची आई. पगारबिगार विचारत न्हाई. एवढंच सांगा, लेकीला माहेरी यायचं झालं, तर तिनं कुणाला विचारायचं?"

मीटिंग चालवणाऱ्या राजनंदिनीनं ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं.

"सुट्टीचं म्हणताय का?" मुलगा गोंधळून म्हणाला. "तिच्या मॅनेजरला."

मथुराबाईंनी डबा आणून रंगरावांच्या तळहातावर साखर ठेवली. मग पदर सारखा केला आणि पायात चपला सरकवल्या.

"भाजी झाकून ठेवलीय. मी येरवड्याला जाऊन येते."

"आत्ता? अगं, दिवेलागणीच्या..."

फाटकाची कडी वाजली. रस्त्यावर रिक्षा थांबली आणि गेली.

"जवळच हाय," आप्पासाहेब रंगरावांना म्हणाले आणि ताटं मांडायला स्वतः उठले. वाट्या कुठं असतात, ते मात्र त्यांना लेकीला विचारावं लागलं.