तिसरं बोलावणं

भिलाआबांचं दोनदा 'नाही' म्हणून झालं होतं आणि तिसरा फोन काही येत नव्हता.

ओट्यावरून फाटकापर्यंत आणि फाटकापासून ओट्यापर्यंत त्यांच्या खेपा चालल्या होत्या. दर खेपेला कोपरीच्या खिशातला बटणांचा मोबाइल बाहेर यायचा, तोंड दाखवून परत आत जायचा. घोडे भरलेला एक पिकअप धूळ उडवत सारंगखेड्याच्या यात्रेकडे गेला. आबा तो वळणाआड होईस्तोवर बघत राहिले.

भिलाआबा म्हणजे घोडेबाजारातली काय चीज, ते ब्राह्मणपुरीत कुणालाही विचारा. तिथे भाव उपरण्याखाली बोटांनी ठरतो, जितकी बोटं तितका भाव; आबांनी बोटं धरली की मुका माणूसही भाव बोलून जायचा. एकदा त्यांनी आंधळी घोडी विकली. पण तिची तारीफच अशी केली, की घेणाऱ्याच्या दारात पोचेपर्यंत घोडीला दिसायला लागलं.

असा माणूस पहिल्या हाकेला उठतो होय? दरसाल व्यापारी इंद्रसिंग यात्रेत सौदे करायला बोलावणार, आबा म्हणणार वय झालं. तो पुन्हा बोलावणार, आबा म्हणणार गुडघा धरतो. तो तिसऱ्यांदा बोलावणार, मग आबा म्हणणार, आता तू एवढं म्हणतोस तर येतो बाबा. यंदा इंद्रसिंग अंथरुणावर होता आणि फोन त्याच्या मुलाचा आला. पोरगा गोड बोलला. पहिल्या नाहीला म्हणाला, "बरं आबा." दुसऱ्या नाहीला म्हणाला, "आराम करा."

ते 'आराम करा' कालपासून आबांच्या कानाशी गोमाशीसारखं फिरत होतं.

ओट्यावरच्या खाटेवर नात चेतना मोबाइलात डोकं घालून बसली होती.

"काय करी ऱ्हायनी वं?"

"फुटबॉलना खेळ, आबा. मी टीमनी मॅनेजर शे. संध्याकायले मैत्रीणसंगे मॅच शे नि गोलपुढे उभा ऱ्हावाले मानूस नही. एक फ्री एजंट देखस."

"तो कोन?"

"ज्याना करार संपना. आते कोनाच टीममा नही, घर बठेल शे."

आबांची खेप थांबली. ते खाटेच्या काठावर टेकले. पडद्यावर एका दाढीवाल्याचा फोटो होता. नाव दुमित्रू, वय छत्तीस. आबांनी त्याचा तिथल्या तिथे दामू करून टाकला.

"छाती देख त्यानी. बोलाव दामूले."

चेतनाने बोलावलं. "नही म्हनस, आबा."

"म्हनीच!" आबा खूश झाले. "चांगला घरना दिसस. आखो बोलाव."

तिने पैसे थोडे वाढवून बोलावलं. दामू पुन्हा नाही म्हणाला. आबांनी मांडीवर थाप मारली. "आते देख. आते तिसऱ्या डावले कसा पयत इस ते!"

पण चेतनाचं बोट पुढे सरकलं होतं. दाढीवाला वर गेला आणि दिसेनासा झाला. खालून एक विशीतला पोरगा आला, कानात बाळी, गाल अजून कोवळे. तिने विचारलं, तो हो म्हणाला. पडद्यावर फटाके फुटले.

"आनी दामू?"

"बठना घर."

"अशी कशी बठी? आखो एक डाव बोलाव ना!"

"कसाले? दोन डाव नही म्हना तो. असा बराच पडेल शेतस."

"अवं, ते काय खरं नही व्हतं?"

चेतनाने मान वर केली. "मंग हो म्हनानं ना, आबा. माले कसं समजी?"

आबांनी उपरणं खांद्यावरून काढलं, झटकलं, परत टाकलं. रस्त्यावरून अजून एक पिकअप गेला. आतला पांढरा घोडा मागे तोंड करून उभा होता.

"दामू सोताहून नही सांगू सकस का? का भो, मी तयार शे म्हनीसन?"

"काही जन सांगतस. निरोप इस त्यासना."

"मंग यानं काबर नही सांगं?"

"काय माहीत." ती हसली. "कधीकाळी मोठा खेळाडू व्हता. लाज वाटत व्हई."

आबा उठले. फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच माघारी फिरले. कोपरीच्या खिशातून मोबाइल काढून तो नातीपुढे धरला. इतक्या वर्षांत त्यांनी आलेला फोन फक्त उचलला होता, स्वतः कधी लावला नव्हता.

"हाऊ लावतस कसा वं?"

"कोनाले?"

"इंद्रसिंगना पोऱ्याले."

चेतनाने नंबर शोधला, बटण दाबलं आणि मोबाइल त्यांच्या कानाला लावून दिला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग घोड्यांचं खिंकाळणं, लोकांचा गलका आणि कुणीतरी घाईत म्हणालं, "हं, बोला."

"मी भिला बोली ऱ्हायनू, ब्राह्मणपुरीना." आबांनी घसा साफ केला. "मन्हा आराम झाया, भाऊ."

पलीकडचा काहीतरी लांबलचक सांगू लागला. आबा 'हां, हां' करत ऐकत होते. त्यांचा मोकळा हात कधी उपरण्याखाली गेला, ते त्यांनाही कळलं नसावं. चेतनाला फक्त कापड दिसत होतं. त्याच्या आत ताठ उभी राहिलेली बोटं एकेक करून मिटत चालली होती.